देहाचा भार व नेमाची हजेरी
(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेले भाषण)



मंडळाच्या कार्यकारिणीने यंदाच्या स्नेहसंमेलनात आरोग्यावर चार शब्द बोलण्याची आज्ञा आम्हांस केली, तेव्हा आम्ही प्रथम नकारच दिला. आमचे शिक्षण जुन्या अकरावीच्या मॅट्रिकपर्यंतचे. त्यावर अध्यापनाची पदविका आणि पुढे सारा जन्म प्राथमिक शाळेत खडू आणि फळा यांच्या सहवासात गेला. वैद्यकाचा आम्हांस अधिकार नाही. परंतु चिटणीस म्हणाले, "गुरुजी, डॉक्टर दरवर्षी येतात, सांगून जातात, आपण टाळ्या वाजवितो आणि पंगतीला बसतो. यंदा ज्याने स्वतः खटपट केली आणि जो दोनदा हरला, त्याच्याकडून ऐकू." हरल्याची हकिगत सांगावयास पदवी लागत नाही. म्हणून आम्ही उभे आहोत.

विषय आहे देहाचा वाढलेला भार, तो उतरविण्याची धडपड, आणि त्या धडपडीत मन टिकवून धरण्याची अडचण. यांतील तिसरी गोष्ट सर्वांत कठीण होय.

आमचे वडील आटपाडीकडचे. त्यांचे शिक्षण औंध संस्थानच्या शाळेत झाले. औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी (1868–1951) यांनी सूर्यनमस्कारांचा प्रसार हे आपले जीवितकार्य मानले होते. ते स्वतः नित्य नमस्कार घालीत, त्यावर त्यांनी ग्रंथ लिहिला, आणि आपल्या संस्थानच्या शाळांतून नमस्कार लागू केले. शाळेत लागलेली ती सवय वडिलांनी अखेरपर्यंत सोडली नाही. घरात दूध बेताचे, तूप सणापुरते. परंतु पहाटे माजघरात घोंगडीवर त्यांचे नमस्कार चालत. त्यांचे पोट पुढे आलेले आम्ही कधी पाहिले नाही.

अशा पित्याचे आम्ही पुत्र. पण आम्ही काय केले? शाळेत कवायतीचा तास आमच्याकडे होता. आम्ही निंबाच्या सावलीत खुर्ची टाकून बसत असू. शिट्टी आमची, कवायत मुलांची! छत्तीस वर्षांत शेकडो मुलांना आम्ही "हात वर, हात खाली" करावयास लावले. आमचा स्वतःचा हात मात्र चहाच्या कपापर्यंतच वर गेला. उंची पाच फूट चार इंच, आणि निवृत्तीच्या दिवशी वजन 88 किलो.

निवृत्तीनंतर दोन वर्षांनी आमचे थोरले बंधू वारले. वय 63. मधुमेह त्यांना वीस वर्षांपासून होता. देह आमच्याहून भारी. गोड सोडा असे डॉक्टरांनी बजाविले होते, आणि दादा हसून म्हणत, "आग्रह मोडवत नाही रे." पहाटे छातीत कळ आली आणि दवाखान्यात पोचण्यापूर्वीच सर्व आटोपले. तेराव्या दिवशी गोडाचे जेवण झाले. पंगतीत लाडू वाढणारा पुनःपुन्हा येई आणि म्हणे, "घ्या गुरुजी, दादांना लाडू फार आवडत." आम्ही चार लाडू खाल्ले. ज्या गोष्टीने भाऊ नेला, तीच गोष्ट त्याच्या नावाने पोटभर खाल्ली! त्या पंगतीतून उठताना आमचा तोल गेला, आणि दोन पुतण्यांनी काखेत हात घालून आम्हांस उभे केले. मंडळी हसली, आम्हीही हसलो. परंतु रात्री झोप आली नाही. पुढील आठवड्यात रक्त तपासले, तो साखर आमच्याही रक्तात मुक्कामास आलेली होती.

तेव्हा आम्ही पहिली प्रतिज्ञा केली. गुढीपाडव्याचा दिवस, देवापुढे नारळ, आणि निर्धार असा की भात बंद, गोड बंद, रात्रीचे जेवण बंद, पहाटे दोन तास चालणे. त्या काळात आहाराचे दोन पंथ जोरात होते. एक म्हणे दिवसातून दोनदाच जेवावे, दुसरा म्हणे दर दोन तासांनी थोडे खावे. आम्ही दोन्ही पंथ आळीपाळीने पाळले. तीन महिन्यांत नऊ किलो वजन उतरले. भेटेल तो म्हणे, "गुरुजी, निम्मे झालात!" या स्तुतीची मोठी गोडी लागली. आणि आश्चर्य असे की त्या आनंदाप्रीत्यर्थ आम्ही घरी पेढे आणले. तेथून जी घसरण लागली ती थांबली नाही. आठ महिन्यांत नऊ गेलेले अकरा होऊन परत आले.

दुसऱ्या खेपेस मुलाने पैसे भरून आम्हांस व्यायामशाळेत, म्हणजे हल्लीच्या जिममध्ये घातले. तेथे सर्व विशीतील पोरे, आरसे चोहोंकडे. पाचव्या दिवशी गुडघा सुजला. दुखऱ्या गुडघ्याने आम्हांस घरी बसण्याचे सोयीस्कर कारण दिले. वर्षाचे पैसे मात्र तेथेच राहिले.

बंधुभगिनींनो, या दोन पराभवांनंतर आमची अशी ठाम समजूत झाली होती की आमच्या अंगी निश्चयच नाही. आपल्या समाजात स्थूल माणसाविषयी हीच समजूत आहे. जाड माणूस म्हणजे खादाड आणि आळशी, असे धरून आपण त्याची थट्टा करतो. आम्ही स्वतः वर्गात एका मुलास त्याच्या देहावरून टोपणनाव दिले होते. सारा वर्ग खिदळला. तो मुलगा पुढे कवायतीच्या तासाला दडून राहू लागला. आज ती आठवण आली की मान खाली जाते.

वास्तविक शास्त्र काय सांगते? 2011 साली ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी स्थूल स्त्रीपुरुषांना दहा आठवडे अत्यल्प आहारावर ठेवून त्यांचे वजन उतरविले, आणि नंतर वर्षभर त्यांची तपासणी केली. वर्ष उलटल्यावरही त्यांच्या रक्तातील भूक वाढविणारी संप्रेरके चढलेली आणि तृप्ती देणारी उतरलेली अशीच आढळली. म्हणजे देह आपला गेलेला साठा परत मागत राहतो. दुष्काळाच्या भीतीने कणगी भरून ठेवणाऱ्या शेतकऱ्यासारखे त्याचे वर्तन असते. आपल्या पूर्वजांनाही याची जाणीव होती. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात अष्टौनिंदितीय नावाचा अध्याय आहे. त्यात अतिस्थूलतेचे जे दोष सांगितले आहेत, त्यांत आयुष्य घटणे आणि हालचाल मंदावणे यांच्या जोडीला भूक व तहान अति लागणे हाही दोष गणलेला आहे. सबब ज्याचे वजन परत चढले त्यास निर्बल मनाचा म्हणून हिणविणे हा अज्ञानाचा प्रकार होय. मन दुबळे नसते; विरुद्ध बाजूचा पैलवान बळकट असतो.

मग उपाय काय? आमचा तिसरा प्रयत्न आम्ही ठरवून केलेला नाही. शेजारच्या आळीत आपल्याच ज्ञातीतील एक गृहस्थ राहतात. ते पोस्टमन होते. जन्मभर पायी टपाल वाटले. निवृत्तीनंतर पायांना काम नाही, म्हणून त्यांनाही साखरेचा विकार जडला. एके सकाळी त्यांनी आमची कडी वाजविली आणि म्हणाले, "गुरुजी, मारुतीच्या देवळापर्यंत जाऊन येऊ." देऊळ घरापासून दहा मिनिटांच्या वाटेवर. जाऊन आलो. दुसऱ्या दिवशी पुन्हा कडी वाजली. प्रतिज्ञा नाही, नारळ नाही, मुहूर्त नाही. हळूहळू दहाची वीस आणि विसाची चाळीस मिनिटे झाली. वाग्भटाने व्यायाम करावा तो अर्ध्या शक्तीने असे सांगितले आहे. पहिल्या प्रतिज्ञेच्या वेळी हे वचन आम्हांस कोणी सांगितले असते, तर फार बरे झाले असते.

पुढे पुतणीचे लग्न निघाले. देवक, हळद, लग्न, पूजा, मांडवपरतणी, यांत पंधरा दिवस चालणे सुटले आणि वजन दोन किलो चढले. आम्ही मनात म्हटले, झाले, हाही नेम मोडला. सोळाव्या दिवशी कडी वाजली. आम्ही आतूनच सांगितले, "आता आमच्याने होत नाही, आमचे नाव काढून टाका." बाहेरून उत्तर आले, "गुरुजी, तुमच्या शाळेत पोरगं पंधरा दिवस आलं नाही, तर तुम्ही त्याचं नाव पटावरून काढत होता काय?"

आम्ही निरुत्तर झालो. छत्तीस वर्षांत आम्ही अशा कारणाने एकाही मुलाचे नाव काढले नव्हते. सुगीच्या दिवसांत मूल आले नाही, तर हजेरीत "गै" मांडावयाचे आणि दोन मुलांना त्याच्या घरी धाडावयाचे. मूल रडत आले तरी त्यास वर्गात बसवून घ्यावयाचे, आणि मागची बुडालेली हजेरी काढून त्याचा अपमान करावयाचा नाही. जो न्याय आम्ही परक्या लेकरास लाविला, तो स्वतःच्या देहास कधी लाविला नव्हता. एक दिवस लाडू खाल्ला की आम्ही स्वतःचे नावच खोडून मोकळे होत असू.

त्या दिवशी आम्ही एक जुनी वही घेऊन तिचे हजेरीपत्रक आखले. दोनच नावे, महिन्याचे रकाने, आणि खुणा दोन: "ह" आणि "गै". वजनाचा आकडा रोज मांडावयाचा नाही. तो महिन्यातून एकदाच. कारण वजन आपल्या हाती नाही. ते पाण्याने, मिठाने, बद्धकोष्ठाने रोज खालीवर होते आणि माणसास विनाकारण हर्ष किंवा खेद देते. हजेरी मात्र आपल्या हाती आहे. दहा मिनिटे चाललो तरी "ह" मांडावयाचा. पाऊस असेल तर ओसरीवर चकरा. गुडघा दुखत असेल तर खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठावयाचे. नियम एकच: लागोपाठ दोन "गै" पडले, की तिसऱ्या सकाळी दुसऱ्याने दारात येऊन कडी वाजवावयाची.

हा नेम तीन वर्षे चालू आहे. आमचे वजन 90 वरून 81 वर आले आहे. मध्यंतरी 79 झाले होते, दिवाळीने दोन किलो परत केले. हा काही मोठा पराक्रम नव्हे, हे आम्ही जाणतो. तथापि थोड्या उतारानेही काय साधते ते पाहावे. अमेरिकेत 2002 साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या प्रयोगात, मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या लोकांपुढे शेकडा सात इतके वजन उतरविणे आणि आठवड्यास 150 मिनिटे चालण्यासारखा व्यायाम करणे, एवढेच ध्येय ठेवले होते. त्यांच्यात मधुमेह होण्याचे प्रमाण शेकडा 58 ने घटले. आपल्याकडे चेन्नईस डॉ. ए. रामचंद्रन यांनी केलेल्या, 2006 साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगातही आहार आणि व्यायाम यांच्या योगे ते प्रमाण शेकडा 28 हून अधिक घटले. म्हणजे 80 किलोच्या माणसाने साडेपाच किलो उतरविले आणि ते टिकविले, तरी पुष्कळ साधले.

आम्ही गणिताचे शिक्षक, म्हणून चहाचा एक हिशेब मांडतो. आम्ही दिवसास सहा कप चहा घेत असू. प्रत्येक कपात साखर दोन चमचे. एका चमच्यात सुमारे 5 ग्रॅम धरल्यास दिवसाची साखर 60 ग्रॅम. एका ग्रॅमास 4 कॅलरी, म्हणजे दिवसास 240 कॅलरी. आमच्या वजनाच्या माणसाने तासभर चालावे, तेव्हा कोठे अडीचशे ते तीनशे कॅलरी खर्ची पडतात. पहाटेचे सारे चालणे चहाच्या साखरेतच वाहून जात होते! वर्षाची बेरीज 87,600. आणि एक किलो चरबी म्हणजे सुमारे 7,700 कॅलरी. भागाकार अकराच्या वर येतो. अर्थात देह काही वाण्याची वही नव्हे. खर्च-जमेप्रमाणे तो स्वतःस जुळवून घेतो, त्यामुळे अकरा किलो काही प्रत्यक्षात उतरत नाहीत. परंतु गळती कोठे आहे ते या हिशेबाने दिसते. आम्ही चहा तीन कपांवर आणला आणि साखर अर्ध्या चमच्यावर. पहिले पंधरा दिवस तो काढ्यासारखा लागला. आता लग्नघरचा चहा पाकासारखा लागतो.

आहाराविषयी आमचे सांगणे थोडके आहे. उपासमारीने वजन उतरते खरे, परंतु उतारवयात चरबीबरोबर मांसही झिजते आणि पाय लटपटतात. चरकाने स्थूल माणसास पोट भरणारे पण पुष्टी न वाढविणारे अन्न द्यावे असे सांगितले आहे. आपल्या स्वयंपाकघरात त्याचा अर्थ सोपा आहे. ताटात आधी कोशिंबीर आणि पालेभाजी घ्यावी, मग मटकीची किंवा मुगाची उसळ आणि भाकरी, ताक भरपूर. भात शेवटी आणि मुदीपुरताच. ज्यांना मधुमेहाचे औषध चालू आहे, त्यांनी उपवास वैद्यास विचारूनच करावा. साखर एकाएकी उतरून घेरी येते. भारतीयांच्या बाबतीत पुरुषाच्या कमरेचा घेर 90 सेंटिमीटर आणि स्त्रीचा 80 सेंटिमीटर यांच्या आत असावा, असा तज्ज्ञांचा दंडक आहे. काट्यापेक्षा शिंप्याची टेप कित्येकदा अधिक खरे बोलते.

हल्ली वजन उतरविणारी इंजेक्शने निघाली आहेत. 2025 साली ती आपल्या देशातही विक्रीस आली. ज्यांना वैद्याने ती सांगितली असतील, त्यांची आम्ही थट्टा करीत नाही. रोग्यास औषध घेण्याची लाज कसली? परंतु त्यांतील सेमाग्लुटाइड या औषधाच्या परीक्षेत असे आढळले आहे की, ते थांबविल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनाचा सुमारे दोन तृतीयांश भाग परत चढला. म्हणजे सुई घेतली तरी नेम सुटत नाही.

आता भगिनींविषयी. आमच्या सौभाग्यवतींचे गुडघे आमच्याहून आधी गेले. आम्ही त्यांना उपदेश केला, "तुम्हीही चालावयास चला." त्या म्हणाल्या, "तुम्ही पहाटे फिरायला जाता, तेव्हा डबा कोण करतं? आणि रात्री पातेल्यात उरलेलं कोण संपवतं?" आम्ही त्या दिवसापर्यंत हा विचार केलाच नव्हता. आपल्या घरोघरी गृहिणी सर्वांमागून जेवते आणि अन्न वाया जाऊ नये म्हणून उरलेसुरले स्वतःच्या पोटात घालते. नंतर आपणच विचारतो की हिचे वजन का वाढते. आता सकाळचा चहा आणि भाजी चिरणे आमच्याकडे आहे, आणि हजेरीपत्रकात तिसरे नाव चढले आहे. स्त्रियांना वेळ मोकळा करून दिल्यावाचून त्यांना व्यायामाचा उपदेश करणे हे शिट्टी वाजविणाऱ्या मास्तरासारखेच होय.

शेवटी मंडळापुढे तीन विनंत्या ठेवतो.

पहिली विनंती पंगतीची. आग्रह हा आपल्या ज्ञातीचा भूषणभूत गुण आहे; पाहुण्यास उपाशी उठू न देणे ही आपल्या पूर्वजांची थोरवी. परंतु ती रीत ज्या काळी पडली, त्या काळी गोड अन्न वर्षातून चार वेळा पानात येई आणि माणूस चार कोस चालून लग्नास येई. आज तो मोटारीतून येतो आणि आठवड्यातून दोनदा जिलेबी खातो. म्हणून पंगतीत एकदा विचारावे. पाहुण्याने पानावर हात आडवा धरला, की वाढणाऱ्याने पुढे जावे. "माझ्या गळ्याची शपथ" हा शब्द आपल्या पंगतीतून जावा. आमच्या दादांना तो मोडवत नव्हता.

दुसरी विनंती हजेरीची. मंडळाच्या गावोगावच्या शाखांनी पाच-पाच, सात-सात जणांचे हजेरीपत्रक सुरू करावे. त्यास वर्गणी नको, गणवेश नको, उद्घाटन तर नकोच. वजन किती उतरले याची स्पर्धा लावू नये. स्पर्धेत पहिला येणारा एकच असतो, आणि बाकीचे घरी बसतात. आगळा सत्कार करावयाचाच असेल, तर सर्वांत अधिक वेळा मोडलेला नेम ज्याने पुन्हा धरला, त्याचा करावा.

तिसरी विनंती सर्वांत महत्त्वाची. जो सुटला त्यास विसरू नये. उत्साह हा पाहुणा आहे. तो पाडव्याला येतो आणि चैत्र संपण्यापूर्वी निघून जातो. त्याच्या भरवशावर आजवर कोणाचाही नेम टिकलेला आम्ही पाहिला नाही. नेम टिकतो तो कोणीतरी दारात येऊन कडी वाजवितो म्हणून. विवाहात, मृत्यूत, मुलांच्या शिक्षणात आपण ज्ञातिबंधू म्हणून एकमेकांच्या दारी जातोच. तसेच पहाटेही जावे. दोन दिवस दिसला नाही त्याच्या घरी दोघांनी जावे, आणि उपदेश न करता एवढेच म्हणावे, "चला, देवळापर्यंत जाऊन येऊ."

दादांच्या दारी असे कोणी गेले नाही. आम्ही त्यांचे सख्खे भाऊ, दोन घरे सोडून राहणारे; आम्हीही गेलो नाही. हे शल्य आमच्या मनात राहणार आहे. आपणांपैकी कोणाच्या मनात ते राहू नये, एवढ्याचसाठी आजचा हा खटाटोप.

भोजनाची पाने मांडली गेल्याचे चिटणीस खुणेने सांगत आहेत. आज बेतात जिलेबी आहे असे कळते. आम्ही एक घेणार आहोत. दुसरीसाठी कृपा करून कोणी आग्रह करू नये. आणि उद्या सकाळी साडेपाच वाजता, थंडी असली तरी, आम्ही मारुतीच्या देवळापाशी असू. ज्यांना यावयाचे असेल, त्यांची नावे आजच वहीत घेऊ.